होडी लहान, मोटार केवढी?

लहान होडीला बाहेरून बसवायची मोटार, म्हणजे आउटबोर्ड, घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती हॉर्सपॉवरची घेऊ? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायला हवा. आधी पाणी कोणतं ते पाहावं, मग होडीचा तळ, मग होडीची मागची फळी किती वजन पेलेल ते. एवढं नीट पाहिलं की हॉर्सपॉवर आपोआप ठरते, आणि ती मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमीच निघते. आज मी बोलणार आहे ते पाणपक्षी पाहायला, त्यांची मोजणी करायला किंवा फोटो काढायला वापरायच्या दहा-चौदा फुटी होडीबद्दल. अमेरिकेतल्या दलदलींत अशा उथळ, सपाट होड्या बदकांच्या शिकारीसाठी वापरतात. आपल्याकडे बदकांची शिकार हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. पण पक्षीनिरीक्षकाच्या गरजा त्याच आहेत: उथळ पाणी, लव्हाळे, गाळ आणि शांतता.

सुरुवात पाण्यापासून करू. जबलपूरच्या श्रोत्यांनी कमानिया गेट हे केंद्र धरावं. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभ्या राहिलेल्या या कमानीपासून हनुमानताल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दक्षिणेला ग्वारीघाटावर नर्मदा वाहते, पश्चिमेला भेडाघाटची संगमरवरी दरी आहे आणि शहरापासून आणखी लांब बरगीचा जलाशय. एकाच शहराची ही चार पाणी, पण प्रत्येकाची मागणी वेगळी. तलावात अंतर थोडं, पण जलपर्णी पंख्याला गुंडाळते. नदीत धार असते आणि उन्हाळ्यात खडक वर येतात. भेडाघाटला आजही वल्ह्यांची नाव चालते, आणि त्या अरुंद दरीत तीच शोभते. बरगीचा जलाशय सुमारे पंचाहत्तर किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी साडेचार किलोमीटर रुंद आहे. तिथे वारा सुटला तर लाटा उठतात, आणि बुडालेल्या रानातले खुंट पाण्याखाली कुठे असतील याचा नेम नाही. या चारही ठिकाणी चालेल अशी एक मोटार मागणं हीच निवडीतली पहिली चूक.

आता तळाकडे वळू. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. बारा फूट लांबीला तो साधारण ताशी साडेआठ किलोमीटर येतो. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते आणि वाढवलेली ताकद लाट मोठी करण्यातच खर्च होते. या मर्यादेच्या आतसुद्धा लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चारऐवजी आठ हॉर्सपॉवरची मोटार लावली तर वेग फार तर चौथाईने वाढेल, आणि मर्यादेजवळ तेवढाही नाही. सपाट, हलक्या ॲल्युमिनियमच्या होडीची गोष्ट वेगळी. ती पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावू शकते आणि तिला पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा उपयोग होतो. पण पक्ष्यांच्या थव्याकडे त्या वेगाने जाऊन पाहायचं काय? हळदीकुंकू बदक असो की तलवार बदक, होडी पोहोचण्याआधीच थवा उडालेला असेल, आणि तलवार बदकासारख्या हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांची साठवलेली ताकद अशा उड्डाणांत वाया जाते.

वजनाचा हिशेब तर फारच थोडे लोक करतात. १९०९मध्ये ओल एव्हिनरुड यांनी बाजारात आणलेली मोटार दीड हॉर्सपॉवरची आणि बासष्ट पौंडांची, म्हणजे अठ्ठावीस किलोंची होती. आज तेवढ्याच वजनात पाच हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटार मिळते. दहा हॉर्सपॉवरची घेतली की वजन चाळीस किलोंच्या आसपास जातं. त्यात मागेच बसणारा चालक आणि इंधनाची टाकी धरा. होडीच्या शेपटाशी शंभराहून अधिक किलो जमतात, नाळ वर उठते, मागची कड पाण्याजवळ येते. मोटारीचा दांडाही फळीच्या उंचीला जुळला पाहिजे: पंधरा इंची फळीला आखूड, वीस इंचीला लांब. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत, किंवा जेमतेम खाली यावी. दांडा लांब झाला तर उथळात पंखा गाळ उपसतो, आखूड झाला तर हवा ओढतो.

टू-स्ट्रोकवाल्यांचं म्हणणं मी ऐकून घेतो. ती हलकी असते, स्वस्त असते, कोणताही मेकॅनिक ती उघडू शकतो. हे सगळं खरं आहे. पण कार्बोरेटरची जुन्या धाटणीची टू-स्ट्रोक साधारण चौथाई इंधन न जाळताच बाहेर टाकते, तेही तेल मिसळलेलं, आणि थेट पाण्यात. तेलाचा तवंग पिसांना लागला की पिसांचा पाणी न शिरू देण्याचा गुण जातो आणि थंडीतला पक्षी भिजतो. शिवाय जबलपूरच्या नळाला मुख्यतः नर्मदेचंच पाणी येतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने सप्टेंबर २०२३मध्ये नर्मदा आणि मध्य प्रदेशातील पाणथळ जागांवर क्रूझ आणि मोटारबोटी थांबवण्याचा आदेश दिला, त्यामागेही पाण्याचीच काळजी होती. त्यामुळे या भागात मोटार घेण्याआधी त्या पाण्यासाठी लेखी परवानगी मिळते का ते पाहावं. मिळत नसेल तर चांगली वल्ही घ्यावीत, आणि त्यात कमीपणा मानू नये.

जिथे परवानगी आहे तिथे तलाव आणि शांत बॅकवॉटरसाठी माझा कौल विजेच्या मोटारीला. पंचावन्न पौंड रेट्याची बारा व्होल्टची मोटार पूर्ण वेगात सुमारे पन्नास अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे दोन तास. आक्षेप लगेच येतो: एवढ्यात काय होणार? पेट्रोलच्या एका लिटरमध्ये अशा सहा-सात बॅटऱ्यांइतकी ऊर्जा असते, हे मान्यच केलं पाहिजे. पण लहान इंजिन त्यातला फार तर पाचवा हिस्सा कामाला लावतं. आणि वेग निम्मा केला तर ताकद आठव्या हिश्श्यावर येते. मोटारीतली गळती धरून चौथाई म्हटलं तरी दोन तासांचे आठ होतात. पक्षी पाहणाऱ्याला तसंही हळूच जायचं असतं.

वाऱ्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. बरगीसारख्या किंवा भिगवणच्या उजनीसारख्या मोठ्या जलाशयात मधोमध वारा सुटला तर विजेची लहान मोटार कमी पडेल. अशा पाण्यासाठी, परवानगी असेल तर, पाच-सहा हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक पुरेशी. सोबत वल्ही आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच. खुंटांच्या पाण्यात पंख्याची शिअर पिन मोडते. ती मोडण्यासाठीच असते, कारण ती मोडली म्हणजे गिअर वाचले. म्हणून दोन-तीन जादा पिना आणि पक्कड होडीत ठेवावी. खरेदीच्या आधी मोटार पाण्यावर चालवून पाहावी, नेहमीची माणसं आणि सामान होडीत भरून. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर मोठी मोटार मागण्याआधी कमी पिचचा पंखा लावून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.