प्राध्यापक कोण होणार?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा एक प्रसिद्ध लेख आहे. राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेला हा लेख म्हणजे यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद होय. गायी किती, कार्षापण किती, हे तेथे आकड्यांत कोरलेले आहे, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मानाचे स्थान आहे. त्यांचा उलगडा करण्यात एकोणिसाव्या शतकात ज्यांनी मोठा वाटा उचलला, त्या पंडित भगवानलाल इंद्रजींजवळ विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आजच्या नियमांनुसार मात्र भगवानलालांना जुन्नरच्या महाविद्यालयात साधा सहायक प्राध्यापकही होता आले नसते.

हे ऐकून कोणी नियमांना हसू नये. नियम नव्हते तेव्हा प्राध्यापकपद गुणवंतांनाच मिळत होते असे नाही. ते बहुधा ओळखीच्या घरांतील, शहरातील, पुस्तकांत वाढलेल्या मुलांना मिळत होते. घोडेगावच्या पलीकडच्या वाडीतील महादेव कोळी मुलाला किंवा आळेफाट्याकडच्या शेतमजुराच्या मुलीला त्या वर्तुळात शिरकाव नव्हता. पात्रता परीक्षा आणि राखीव जागा यांनी तो दरवाजा थोडा किलकिला केला. म्हणून नियम काय आहेत, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण लागतात. त्यानंतर नेट किंवा सेट. नेट ही देशपातळीवरील परीक्षा १९८९ पासून होते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. दोन्हींमध्ये दोन पेपर आणि ३०० गुण असतात. पहिला पेपर अध्यापन, संशोधन व सामान्य आकलन यांचा, दुसरा विषयाचा. विद्यापीठीय विभागांत थेट नेमणुकीसाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती, पण ३० जून २०२३ च्या दुरुस्तीने ती सक्ती गेली आणि नेट-सेट ही किमान अट ठरली. २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही नेटचे गुण धरले जाऊ लागले. नेटमधून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. गरीब घरातील विद्यार्थ्याला संशोधन करू देणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, परंतु तिला वयाची मर्यादा आहे. साधारणतः ३० वर्षे, आणि मागास प्रवर्ग व स्त्रिया यांना ५ वर्षांची सवलत. एम.ए. झाल्यावर चार वर्षे घरच्या कांद्याच्या वावरात राबून मग अभ्यासाला बसणाऱ्या मुलाच्या हातून ही संधी नकळत निसटते. ही साधी माहिती त्याला पदवीच्या पहिल्याच वर्षी कोणी सांगितली पाहिजे.

आता तयारीचा विचार करू. शहरातील वर्गांमध्ये तयारी म्हणजे प्रश्नसंच सोडविणे असा समज रूढ झाला आहे. प्रश्नसंच सोडवावेतच, कारण परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढे जाता येत नाही. परंतु परीक्षा उत्तीर्ण होणारा प्रत्येक जण प्राध्यापक होतोच असे नाही. विषयातील पाचदहा मूळ ग्रंथ शांतपणे वाचणे, वाचलेले स्वतःच्या भाषेत लिहून काढणे, आणि लिहिलेले दुसऱ्याला समजावून सांगणे ही खरी तयारी होय. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीची धास्ती असते. ती धास्ती व्याकरणाच्या पुस्तकाने जात नाही. आपल्याच विषयातील इंग्रजी लेख रोज दोन पाने, कोश जवळ घेऊन, वर्षभर वाचले की ती जाते. शिकविणे मात्र मराठीत येत असले पाहिजे, कारण समोर बसणारी मुले मराठीतच विचार करतात.

संशोधनाच्या विषयासाठी या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्याने लांब जाण्याचे कारण नाही. बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीची प्राचीन राख आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली, आणि त्या राखेच्या वयावरून विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली, आणि देशोदेशीचे संशोधक ती वापरतात. उसाच्या फडात बिबट्या राहू लागला, माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र झाले, आणि जुन्नरचे नाव वन्यजीवशास्त्राच्या लेखनात गेले. कुकडीचे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते, तर घाटमाथ्यावरच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते. यापेक्षा अर्थशास्त्राला जिवंत विषय कोणता हवा? ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाच्या काठी विस्थापित आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था काढली, आणि त्यांच्यात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. हे विषय बाहेरचे लोक येऊन अभ्यासतात. त्यांचे स्वागतच आहे. परंतु हिरडा गोळा करणाऱ्या बाईच्या घरात वाढलेली मुलगी हिरड्याच्या बाजारावर लिहील, तेव्हा तिला दिसणारे प्रश्न वेगळे असतील. निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी सह्याद्रीतील महादेव कोळ्यांवर जे लेखन केले, त्याचे मोल यातच आहे.

येथवरचे सारे विद्यार्थ्याच्या हातचे. जे त्याच्या हातचे नाही, त्याबद्दल मौन पाळणे ही फसवणूक होईल. राज्यातील प्राध्यापकभरती २०१७ पासून रोखली गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. त्यांतली १,४९२ भरली गेली, तोच कोरोनाची साथ आली, आणि उरलेल्या २,०८८ पदांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मान्यता घ्यावी लागली. दरम्यान वर्ग कोणी घेतले? तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी. नेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेला माणूस तासावर मोजला जातो. सुट्टीत त्याला मानधन नाही, दरवर्षी नवी नेमणूक, आणि मानधनही महिनोन्‌महिने उशिरा. रोजगार हमीवरच्या मजुराला निदान कामाचा कायदेशीर हक्क मिळाला होता. या विद्वान मजुराला तोही नाही. अनुदानित संस्थांतील कायम जागेसाठी पैशांची बोलणी होतात, हे तर चावडीवर उघड बोलले जाते. ज्या बापाने मुलाच्या एम.ए.साठी बैल विकले, त्याला आता जमीन विकायला सांगायचे काय?

दुसरा रोग मोजमापाचा आहे. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाचे काम गुणांकांत मोजायला सुरुवात केली. गुण हवेत म्हणून निबंध हवेत, आणि निबंध हवेत म्हणून पैसे घेऊन छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. त्यांना आवरण्यासाठी २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. यश म्हणजे छापलेल्या निबंधांची संख्या, अशी समजूत झालेल्या प्राध्यापकाकडून ग्रामीण विद्यार्थ्याला काय मिळणार? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो गुणांकासाठी नव्हे. देशातला गरीब माणूस रोज किती खातो, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला म्हणून. यशस्वी प्राध्यापकाची ओळख अशा प्रश्नांवरून पटते. आणखी एक कसोटी आहे. त्याच्या वर्गातून दरवर्षी निदान एक विद्यार्थी पुढच्या अभ्यासाला लागतो की नाही?

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? भरती पूर्ण व्हावी, निवडीची गुणपत्रके जाहीर व्हावीत, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना बारा महिन्यांचे वेतन मिळावे, या मागण्या रेटल्याच पाहिजेत. पण मोर्चा संपल्यावर उरणारे कामही आहे. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात पडकईची रीत आहे. उताराची जमीन फोडून भाताचे खाचर करायचे, तर एका घराच्या हातून होत नाही. सगळे मिळून आज एकाच्या जमिनीवर राबतात, उद्या दुसऱ्याच्या. बांध घातला की तेथे माती थांबते, पाणी थांबते, आणि मग भात पिकतो. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे महाविद्यालये आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी एक अभ्यासिका, आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि नेट-सेट झालेल्या एखाद्या तरुणाने मागून येणाऱ्या पाच जणांना शिकविण्याचा नेम, एवढे झाले तरी खाचराचा पहिला बांध पडेल. जो शिकला, त्याने शहरात खोली घेतली की दोन मुलांना तेथे आसरा द्यावा. ज्याला अधिछात्रवृत्ती मिळाली, त्याने पुढच्याचा अर्ज भरून द्यावा.

म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे झाले. ते गिरणीकामगार होते, शाळेत फार शिकलेले नव्हते. आज डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांच्या नातवंडांपैकी कोणी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत उभे राहील आणि धरणाचा नफातोटा फळ्यावर मांडील, तो दिवस उजाडावा यासाठी हे काम आहे. तो दिवस आपोआप येणार नाही. पडकईला जसे पावसाच्या आधी जमावे लागते, तसे यालाही आधीच जमावे लागेल.