छर्रा कोणत्या आधणाचा?

पोराला एअर रायफल घेऊन दिली, जॅकेट आलं, बूट आले, की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: छर्रा किती वजनाचा घ्यायचा? याचं उत्तर सोपं आहे. १० मीटर रायफलला साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तुलाला जरा हलका. झालं. डबा कोणत्या लॉटचा, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि श्रोतेहो, आजच्या भाषणाची सगळी मिनिटं त्याच न विचारलेल्या प्रश्नावर खर्च होणार आहेत.

ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्यांना हे चटकन कळेल. ऊस एकाच रानातला, काहील तीच, गुळव्या तोच. तरी सकाळच्या आधणाचा गूळ कणीदार उतरतो आणि दुपारचा चिकटतो. सौद्यात ३० किलोच्या रव्यांची रास लागते, तेव्हा व्यापारी वजनावर भुलत नाही. वजन तर सगळ्यांचं सारखंच. तो रवा फोडून कणी बघतो, रंग बघतो, खडा जिभेवर ठेवतो आणि मग बोली बोलतो. छर्ऱ्याचंही असंच आहे. शिसं तेच, कंपनी तीच, डब्यावरचं वजन तेच. पण ठसा झिजत जातो, नवा बसवला जातो, डोक्याचा व्यास ४.४९ मिलिमीटरचा ४.५० होतो, आणि आधण बदलतं. फरक इतकाच, की गुळाची चव माणसाची जीभ ठरवते आणि छर्ऱ्याची रायफलची नळी. शेजारच्याच्या नळीला गोड लागलेला लॉट आपल्या नळीला खारट लागू शकतो.

चाखायचं कसं? रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, म्हणजे हाताची थरथर हिशेबातून गेली. एकेका लॉटचे पाच-पाच छर्रे कोऱ्या कागदावर मारायचे, मग पुन्हा पाच. एका लॉटचं भोक गोल, कडा स्वच्छ. दुसऱ्याचं लांबुडकं, एका बाजूला फाटलेलं. नळी तीच, शिकंजा तोच. रायफलच्या लक्ष्यावर दोन वर्तुळांत अडीच मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे छर्रा पाव मिलिमीटर सरकला की एक दशांश गुण गेला. पोरगं बिचारं श्वास सुधारत बसतं, प्रशिक्षक खांदा सुधारत बसतात, आणि दोष असतो डब्यात. सराफाच्या काट्यावर एकेक छर्रा तोलणारे पालकही आहेत. हौसेला मोल नाही, पण त्या वेळात दोन लॉट मारून झाले असते.

५० मीटरला तर वजनाचा प्रश्नच उरत नाही. तिथे .२२ ची गोळी, जवळजवळ सगळ्या जगात ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ऑलिंपिक कांस्य आणलं. या पातळीवर वजन कुणी निवडत नाही, लॉट निवडतात. जर्मनीत शोनेबेकला, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ कारखान्यांच्याच चाचणी रेंज आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, एकामागून एक लॉट मारून बघतो आणि जो जमला त्याची खोकीच्या खोकी उचलतो.

अमेरिकेत कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी .२२३ रायफलमध्ये ४० ग्रेनची गोळी घालावी की ५५ ची, यावर वाद रंगतात. आपल्याकडे कोल्ह्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तो विषय इथेच मिटला. पण त्या वादातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गोळी जड झाली की लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतले आटे जास्त पीळदार लागतात. १२ इंचांत एक फेरा देणारी नळी हलक्या गोळीवर खूश, ७ इंचांची जडही पेलते. म्हणजे तिथेही शेवटचा शब्द नळीचाच.

अजून एक समजूत आहे: गोळी जितकी वेगवान तितकी वाऱ्याला कमी दबणारी. .२२ च्या बाबतीत हे उलटं पडतं. ध्वनीपेक्षा वेगानं सुटलेली ही गोळी हवेत झपाट्यानं वेग गमावते आणि वाऱ्यानं अधिक सरकते. म्हणूनच स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात. ‘जोरदार दे’ म्हणून दुकानदाराकडे हट्ट धरणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

मूळ मुद्दा पुन्हा, कारण इतक्यात रेडिओ लावलेल्यांचा तो हुकला असेल. वजन छापील असतं, ते वाचता येतं. लॉट मारूनच बघावा लागतो. आणि जमलेला लॉट सापडला की एक डबा घेऊन घरी येऊ नये; पुढच्या महिन्यात तोच क्रमांक मिळेलच असं नाही. ऐपतीप्रमाणे हंगामाची बेगमी करावी, क्लबातल्या चार घरांनी मिळून चाचणी करावी.

राहिला उन्हाळ्याचा प्रश्न. .२२ च्या गोळीवर मेणाचा हात असतो. गारठ्यात तो घट्ट होतो, एप्रिलच्या दुपारी मऊ पडतो, आणि जानेवारीत जमलेला लॉट मे महिन्यात… काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे. तेवढं पुढच्या खेपेला. तोवर डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत उतरवून ठेवा, डबा रिकामा झाला की तो कचऱ्यात जातो.