राजीनाम्यातील राजीखुशी
(हिवरखेड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



'सरेंडर' हा इंग्रजी शब्द ऐकला की शस्त्रे खाली ठेवणारे सैन्य डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या शब्दाचे माहेर रणांगण नव्हे, शेतजमीन आहे. 'परत देणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आणि इंग्रजीत प्रथम जमीनजुमल्याच्या कायद्यात रुळला. कुळाने आपला हक्क मालकाच्या स्वाधीन करणे, हा त्याचा तेथील अर्थ. खंडाला इंग्रजीत 'रेंट' म्हणतात. तो शब्दही त्याच लॅटिन धातूचा. खंड आणि शरणागती ही एकाच घरची भावंडे आहेत.

आपल्या महसुली भाषेत हक्क सोडण्याच्या कागदाला 'राजीनामा' म्हणत. म्हणजे राजीखुशीचा लेख. प्रश्न असा की, राजी कोण होते?

मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले, पण स्वेच्छेने हक्क सोडण्याची वाट मोकळी ठेवली. ते लेखी असावे व मामलेदाराने पडताळावे, एवढीच अट होती. त्या कायद्याच्या अंमलबजावणीवरील दांडेकर व खुदानपूर यांचा अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेने १९५७ साली प्रसिद्ध केला. अशा पुष्कळशा 'स्वेच्छे'च्या खरेपणाविषयी त्यात शंका व्यक्त झाली. विदर्भासाठी १९५८ साली स्वतंत्र कायदा झाला. हक्क सोडण्याची तरतूद त्यातही राहिली. ज्याचे बियाणे, उधारी आणि मुलीचे लग्न मालकाच्या शब्दावर अडलेले असते, त्याच्या अंगठ्याला होकार म्हणणे ही कायद्याची आत्मवंचना होय.

आज वऱ्हाडात जमीन मक्त्याने किंवा बटईने दिली जाते, ती बहुधा तोंडी बोलीवर आणि एका हंगामापुरती. कूळ लागेल ही धास्ती लहान मालकालाही असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु परिणाम असा की, कागदच नसल्याने राजीनाम्याचीही गरज उरलेली नाही. कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून त्याला पीककर्ज दुरापास्त. आणि नापिकीची भरपाई सामान्यतः खातेदाराच्या नावे जमा होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. गावात प्रत्यक्ष जमीन कोण कसतो, याची यादी करावी व तिच्या आधारे कर्ज आणि भरपाई मागावी. आणि 'राजीखुशीने' हा शब्द जेथे दिसेल तेथे एकच विचारावे: नाही म्हटले असते, तर या माणसाचे काय झाले असते?