प्लेस्टेशन घेऊ की पीसी जुळवू?

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून. तो लिहितो, "दादा, बारावी झाली, इंजिनिअरिंगला जातोय. बाबा पन्नास हजार देतायत, त्यापुढे एक रुपया नाही म्हणाले. प्लेस्टेशन ५ घेऊ की पीसी बिल्ड करू? घरी कॉम्प्युटर नाही."

मित्रा, शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस, पण माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

आधी कन्सोलची बाजू ऐक, कारण ती भक्कम आहे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला होता. आठ कोरचा प्रोसेसर, तगडं ग्राफिक्स आणि दोघांत मिळून १६ जीबी मेमरी. तसंच ग्राफिक्स पीसीत हवं असेल तर नुसतं कार्डच निम्मं बजेट खातं. कंपनीला हे परवडतं, कारण तिची खरी कमाई मशीनवर नाही, गेम्सवर आहे. म्हणजे उरलेलं बिल तू नंतर भरतोस. मोठा नवा गेम चांगलाच महाग पडतो, शिवाय विकतच्या बहुतेक गेम्समध्ये ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी. डिस्क असली तर खेळून झाल्यावर गेम विकता तरी येतो, मित्राशी बदलता येतो. डिजिटल एडिशन तेव्हा दहा हजारांनी स्वस्त होती, पण त्यात हा मार्गच बंद होता. मी ती कुणालाच सुचवत नाही.

आता तुझं बघू. प्लेस्टेशनवर सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल होत नाही, ऑटोकॅड चालत नाही. पहिल्याच सेमिस्टरला लॅपटॉपसाठी परत बाबांसमोर उभं राहावं लागेल, आणि ते काय म्हणालेत ते तूच लिहिलंयस.

तेव्हा पीसीच जुळव, पण ग्राफिक्स कार्ड न घेता.

हो, बरोबर ऐकलंस. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. व्हॅलोरंट, जीटीए ५ सेटिंग कमी ठेवून नीट चालतात. नवे भारी गेम नाही चालणार, त्याची आशा आत्ताच सोड. पण कार्डाची जागा रिकामी राहते, पुढे पैसे साठले की बसव. कन्सोल असा हप्त्याहप्त्याने घेता येत नाही ना! घरच्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर मॉनिटरही नंतर घेता येईल.

दोन ठिकाणी मात्र दुकानदाराचं ऐकू नकोस. एक, रॅम. तो १६ जीबीची एक स्टिक देईल, "दुसरी नंतर लावा" म्हणेल. तू ८-८ च्या दोन घे. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. दोन स्टिक असल्या की डेटाला दोन रस्ते मिळतात आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. दुसरं, एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येतो तो नको. आपल्याकडे लाइट जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं. स्वस्तातला एसएमपीएस जाताना कधी कधी मदरबोर्डही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा घे, आणि पुढे येणाऱ्या कार्डाला पुरेल एवढ्या वॅटचा घे.

(घरात आधीच बरा लॅपटॉप असता, तर मी डोळे झाकून कन्सोल म्हणालो असतो. टीव्हीला जोडला, खेळायला बसलो, ड्रायव्हरची कटकट नाही.)

आणि खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला कर किंवा गावातल्या दुकानात, पक्कं बिल घे. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घे. जुळवलेल्या पीसीची अख्ख्या मशीनची अशी वॉरंटी नसते, प्रत्येक पार्टची वेगळी असते. प्रोसेसरला साधारण तीन वर्षं, इतरांना कमी-जास्त. खोकेही वर्षभर तरी टाकू नकोस, आई कितीही ओरडली तरी.

पार्टची यादी पाठव, पैसे देण्याआधी एकदा बघतो.