उन्हाळी समारंभातील फळांचे पाणी



आपल्याकडे माणसांना एकत्र आणणारे बरेचसे प्रसंग नेमके उन्हाच्या दिवसांत येतात. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, गावदेवीची जत्रा, वैशाखातली लग्ने, शाळेतला निरोपसमारंभ, १ मेचे झेंडावंदन आणि त्यानंतरची ग्रामसभा. रानातली कामे त्या सुमारास थोडी हलकी झालेली असतात, घरात नुकतेच धान्य आलेले असते, मुलांना सुट्टी असते. म्हणून हा काळ समारंभांचा झाला. पण ऊन काही आपली सोय पाहत नाही. ते आपल्या वेळेला डोक्यावर येते.

अशा कार्यक्रमाची तयारी कशी चालते हे तुम्ही पाहिलेच असेल. मांडव कोणाचा, ध्वनिक्षेपक कुठून आणायचा, पाहुण्यांना शाल द्यायची की नुसता नारळ, यावर दोन-दोन बैठका होतात. आणि सगळे ठरल्यावर उठता उठता कोणीतरी म्हणते, “पाण्याचे बघा रे कोणीतरी.” हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा शाळेतले सर्वांत नवे गुरुजी किंवा लग्नघरातला एखादा लांबचा भाचा. आजचे हे भाषण त्या भाच्यासाठी आणि त्या गुरुजींसाठी आहे.

पाण्याची गोष्ट किरकोळ नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या एका मोठ्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. माणसे आनंदाने आली होती, तासन् तास उन्हात बसली होती. आपल्या गावचा कार्यक्रम तेवढा मोठा नसेल. पण चार तास उन्हात बसलेल्या माणसाच्या अंगातून घाम जायचा तेवढा जातोच, मग गर्दी शंभरांची असो की लाखाची. घामाबरोबर मीठही जाते. ते पाणी आणि ते मीठ परत देणे, तेही चवीने घेतले जाईल अशा रूपात देणे, हे यजमानाचे काम.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. पाहुणा उंबऱ्यात आला की गूळ-पाणी पुढे करायचे, रस्त्याकडेला पाणपोईचे रांजण भरायचे, अक्षय्यतृतीयेला उदककुंभ दान द्यायचा, या साऱ्या चाली उन्हातून आलेल्या आहेत. आपला ‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ या शब्दावरून आला. ‘सरबत’ अरबीतून, फारसीच्या वाटेने आले. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तर पाण्याच्या उपभोगावर वेगळे प्रकरण असून पाणी सुगंधी कसे करावे हेही सांगितले आहे. तेव्हा शहरातल्या हॉटेलांत हल्ली काचेच्या बरणीत काकडीच्या चकत्या पोहत असतात आणि त्याला ‘डिटॉक्स वॉटर’ असे भारदस्त नाव असते, ते पाहून आपण दबून जायचे कारण नाही. त्या पाण्याने शरीरातील विषद्रव्ये धुऊन निघतात हा दावाही सोडून द्या. ते काम आपले यकृत आणि मूत्रपिंड बिनबोभाट करीत असतात. चकत्यांच्या पाण्यात जीवनसत्त्वेही फार उतरत नाहीत. त्याचा खरा गुण एवढाच की, नुसते पाणी एक पेला पिणारा माणूस ते दोन पेले पितो. उन्हाळ्यात हा गुण काही लहान नव्हे.

आता पहिली गोष्ट पाण्याची. फळ कितीही उत्तम असले तरी पाणी दूषित असेल तर सारे फुकट. पूर्वी जत्रा म्हटली की पटकीची धास्ती असे. ती धास्ती आज कमी झाली. पण कावीळ, हगवण, विषमज्वर हे पाण्यातूनच येतात. गावच्या विहिरीचे पाणी वापरणार असाल तर आदल्या रात्री जलसुरक्षकाला सांगून टी.सी.एल. पावडर टाकून घ्या. प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. शिक्षकमित्रांनी हा हिशोब मुलांकडून करून घ्यावा. विहीर गोल, व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर, तर पाणी सुमारे ५० घनमीटर, म्हणजे ५० हजार लिटर. पावडर लागेल १२५ ग्रॅम. ती बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे. मग निदान तासभर थांबावे. विहिरीऐवजी पिंप भरायचे असेल तर पाणी चौपदरी फडक्यातून गाळून खळखळ उकळावे आणि झाकून निवू द्यावे, किंवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावे.

इथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. क्लोरीन आधी आणि लिंबू नंतर, हा क्रम उलटता कामा नये. लिंबातले क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करते. सरबत तयार करून मग त्यात औषधाचे थेंब टाकले तर थेंब वाया जातात आणि जंतू तसेच राहतात. उलट औषध घालून तास झाल्यावर लिंबू पिळले तर जंतू मेलेले असतात आणि औषधाचा वासही जातो. म्हणजे क्रम पाळला की दोन्ही कामे होतात.

शंभर माणसांना एक एक पेला द्यायचा तर २० लिटर पेय लागते. दोन फेऱ्या धरल्या तर ४०. आता २० लिटरचा हिशोब सांगतो. पुढे तुम्ही वाढवून घ्या.

सर्वांत सोपे ते चकत्यांचे पाणी. १० लिंबे, दीड-दोन किलो काकडी आणि पुदिन्याच्या चार जुड्या. सगळे औषध घातलेल्या पाण्यातच स्वच्छ धुवा. साल पाण्यात राहणार आहे, तेव्हा सालीवरची माती आणि फवारणीचा अंश आधी निघाला पाहिजे. काकडीचे टोक चाखून पाहा. एक कडू काकडी सगळा हंडा बिघडवते. लिंबाच्या पातळ चकत्या करून बिया काढा. पुदिना चिरू नका, तळहातांत हलकेच चोळून टाका, म्हणजे वास मोकळा होतो. दोन तास हे मुरू द्या आणि लिंबाच्या चकत्या काढून घ्या. जास्त वेळ राहिल्या तर सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. कलिंगडाच्या फोडी घालायच्या असतील तर अगदी शेवटी घाला, कारण त्या लवकर विरघळतात आणि आंबतात. कापलेले फळ घातलेले पाणी उन्हाळ्यात चार तासांच्या पुढे ठेवू नये. हे पाणी बिनसाखरेचे असते, म्हणून मधुमेही मंडळींना चालते. कार्यक्रमात अशी मंडळी आता प्रत्येक रांगेत असतात. त्यांच्यासाठी हा हंडा वेगळा आणि ओळखू येईल असा ठेवा. “घ्या हो थोडे, एका पेल्याने काय होते,” असा आग्रह मात्र करू नका.

उन्हात राबून आलेल्यांना मीठ-साखरेचे लिंबूपाणी अधिक उपयोगी. ५० लिंबे, दीड किलो साखर आणि ४० ग्रॅम मीठ. साखरेचा आधी थोड्या पाण्यात पाक करून घ्या. गार पाण्यात ती तळाशी बसते आणि पहिल्या रांगेला आंबट, शेवटच्या रांगेला गुळचट असे वाटप होते. साखर आणि मीठ दोन्ही का, असे मुले विचारतील. आतड्यात साखर आणि मिठातले सोडियम एकमेकांच्या हाताला धरून आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. याच तत्त्वावर १९७१ साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचविले. आपले लिंबूपाणी म्हणजे ते औषध नव्हे, त्याचे प्रमाण वेगळे. पण दोघांचे कूळ एक आहे.

पन्ह्याविषयी मी काही सांगावे असे घरोघरच्या भगिनींना वाटणार नाही. तरी समारंभासाठी दोन गोष्टी. चार-पाच किलो कैऱ्या उकडून गर काढला की २० लिटरला पुरतो. गूळ दोन किलो. घरी हळदीकुंकवाला आपण करतो ते पन्हे वाटीभर देण्याचे, दाट आणि गोड. उन्हातल्या गर्दीला ते पातळच हवे. फार गोड पेय पोटात रेंगाळते आणि तहान भागत नाही. कैऱ्या उकडण्याऐवजी निखाऱ्यात भाजल्या तर धुराचा एक मंद वास येतो. विदर्भातल्या लोकांना त्याचे महत्त्व सांगायला नको, आणि इतरांनी एकदा करून पाहावे. वेलची घाला, मीठ विसरू नका. केशर लग्नाच्या यादीत असेल तर असू द्या, ग्रामसभेला त्याचा खर्च नको.

कोकणात कैरीइतकाच मान कोकमाचा. ताजी फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात. साली साखरेचे थर देऊन बरणीत उन्हात ठेवल्या की अमृतकोकम होते. मीठ घालून रस काढला की आगळ. ज्यांच्याकडे यापैकी काही नाही त्यांनी अर्धा किलो आमसुले रात्री थोड्या पाण्यात भिजत घालावी, सकाळी कुस्करून गाळावी, गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ घालून २० लिटर करावे. आमसुलांना मीठ आधीच लावलेले असते, म्हणून चव पाहून मीठ घाला. रंग असा सुंदर येतो की वेगळा रंग घालण्याची गरजच पडत नाही. बाजारात कोकमाच्या नावाखाली नुसते तांबडे गोड पाणीही मिळते. ते घेण्यापेक्षा साधे पाणी दिलेले बरे.

आता भांडी. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या हंड्यात ठेवू नका. तांबे त्यात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात. ॲल्युमिनियमचे पातेलेही आंबट-खारट पेयाला बरे नव्हे. स्टील, काच किंवा माती घ्या. आणि ते निळे प्लॅस्टिकचे पिंप! त्यात पूर्वी काय भरलेले होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कितीही विसळले तरी रसायनाचे पिंप पिण्याच्या पाण्याला वापरू नये. या बाबतीत मी हट्टी आहे.

बर्फाचेही तसेच. मासळी आणि भाजी गार ठेवण्यासाठी केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याजोग्या नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा आदेश काढला. निळसर लादी दिसली तर ती भांड्याच्या बाहेरून लावा, आत टाकू नका. खरे तर माठ असताना बर्फाची गरजच काय? माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे ५८ लिटर पाणी १० अंशांनी निवावे इतकी उष्णता त्याबरोबर जाते. हवेत कोरडेपणा जितका जास्त, तितका माठ गार. नागपूर-चंद्रपूरचा माठ दात शिवशिवतील इतके पाणी गार करतो आणि मालवणचा माठ जेमतेम थंडावा देतो, त्याचे कारण कुंभाराच्या हातात नाही, हवेत आहे. माठ सावलीत पण वाऱ्याच्या वाटेत, वाळूवर ठेवा. त्याला बंद खोलीत कोंडू नका.

वाढताना पेला माठात बुडवू देऊ नका. लांब दांड्याचे ओगराळे एकाच माणसाच्या हाती, नाहीतर तोटीचा माठ. पाणी मागण्याची वाट पाहू नका. मुले आणि म्हातारी माणसे मागत नाहीत. दर अर्ध्या तासाने रांगांतून फिरवा, भाषण चालू असले तरी. वक्त्याला राग येत नाही, आणि आला तर येऊ द्या. खिशात कांदा ठेवून ऊन टळत नाही, सावलीने आणि पाण्याने टळते. कोणी बरळू लागला, अंग तापून लाल झाले, शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात पन्हे ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ला फोन करा.

कार्यक्रम आटोपल्यावर उरलेले पेय दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. मोरीत न ओतता लांबच्या खड्ड्यात ओता, नाहीतर मांडवभर माशा होतात. चकत्या गुरांपुढे टाकता येतात. माठात वाळ्याची जुडी घातली असेल तर ती काढून स्वच्छ धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि फडक्यात बांधून ठेवा. वास टिकून असेल तोवर ती पुन्हा वापरता येते.