पाणकावळा ओळखा, बोटुकली वाचवा



शेततळ्यात मत्स्यबीज सोडले की थोड्याच दिवसांत काठावर पंख पसरून बसलेले काळे पक्षी दिसू लागतात. हेच पाणकावळे. नावात कावळा असला तरी त्यांचे कूळ वेगळे आहे. आपल्याकडे लहान, भारतीय व मोठा अशा तीन जाती आढळतात. पैकी लहान पाणकावळा सुमारे ५० सें.मी. लांबीचा असून छोट्या तळ्यांवरही येतो.

बगळा उथळ पाण्यात उभा राहून मासा टिपतो. पाणकावळा बुडी मारून त्याचा पाठलाग करतो. त्याच्या पायाची चारही बोटे पडद्याने जोडलेली असतात आणि चोचीचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. पिसांचा बाहेरील भाग भिजत असल्याने बुडी मारणे सोपे जाते. मात्र नंतर पंख वाळवावे लागतात, म्हणून तो ते पसरून बसतो.

विणीच्या काळात हे पक्षी पाण्याजवळच्या झाडांवर, बहुधा बगळ्यांच्या सोबतीने, वसाहत करून घरटी बांधतात. नर व मादी दोघेही अंडी उबवतात व पिलांना भरवतात. आपल्या भागात ही वीण बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात होते आणि आपण कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतो तेही याच दिवसांत. नुकसान वाढते ते यामुळे.

आता उपाय पाहू. पाणकावळा मासा अख्खा गिळतो. म्हणून मत्स्यजिरे थेट तळ्यात न सोडता जाळीने झाकलेल्या संगोपन तळ्यात वाढवावेत व चांगली मोठी बोटुकली झाल्यावरच सोडावेत. पाण्यावर उतरताना आणि पाण्यातून उडताना या पक्ष्याला मोकळी जागा लागते; म्हणून तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणून बांधाव्यात. दोरी जाड व ठळक दिसणारी असावी. सैल, बारीक नायलॉनमध्ये पक्षी अडकून मरतात. बसायला सोयीचे खांब व वाळक्या फांद्या काढून टाकाव्यात. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात माशांना लपायला जागा नसते. तेथे कडा घासून गुळगुळीत केलेले पाइपचे जुने तुकडे तळाशी ठेवावेत. काटेरी फांद्या टाकू नयेत, अस्तर फाटते. बीज सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सकाळी तळ्यावर राखण ठेवावी.

काही जण विषारी आमिष ठेवण्याचा विचार करतात. तसे कदापि करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा पक्षी संरक्षित आहे. शिवाय ते विष तळ्यात उतरले तर मासे, जनावरे व माणसे यांनाही धोका पोहोचतो. नदी-तलावात हाच पक्षी निरुपयोगी लहान मासेही खातो आणि त्याची विष्ठा पाण्याला नत्र व स्फुरद पुरवते.

तेव्हा बंधूंनो, यंदा बीजाची मागणी नोंदवण्याआधी जाळी आणि दोरीची तजवीज करा. पक्षी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हा खर्च नक्कीच परवडेल.