स्मृतीची उसनवारी

विरारहून चर्चगेटकडे निघणाऱ्या सकाळच्या लोकलमध्यें एखाद्यानें बांकावर रुमाल टाकला, कीं ती जागा अडली असें सारे समजतात. रुमाल टाकणारा वसई रोडला उतरला आणि रुमाल तसाच राहिला, तर जागा रिकामी असूनहि कोणास बसतां येत नाहीं. संगणकाच्या स्मृतींत, म्हणजे मेमरींत, नेमका हाच घोटाळा होतो.

कॅमेरा, वायफाय अशा उपकरणांशीं संगणकाचा व्यवहार जुळवून देणाऱ्या प्रोग्रामास डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्यें बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यांत, कर्नेलमध्यें, चालतात. साधा प्रोग्राम संपला म्हणजे त्याची सारी मेमरी कर्नेल परत घेतो; ड्रायव्हरनें मागून घेतलेली जागा मात्र सामान्यतः त्यानेंच परत करावयाची असते. समजा, त्यास दोन जागा मिळाल्या व तिसरी मिळाली नाहीं. अशा वेळीं पहिल्या दोन उलट क्रमानें परत करून मग माघार घ्यावी. चूक पुष्कळदां होते ती या माघारीच्या वाटेवर. कारण ती वाट क्वचितच चालून पाहिली जाते. महिनोन् महिने चालणाऱ्या संगणकास अशी गळती हळूहळू उपाशी मारते.

दुसरी चूक अधिक घातक. परत केलेल्या जागेचा पत्ता जवळ ठेवून ड्रायव्हर पुन्हा तेथेंच लिहूं लागतो. एव्हांना तेथें दुसरा बसलेला असतो. त्याची माहिती बिघडते, आणि संगणक कोसळतो तो भलत्याच ठिकाणीं. हल्लेखोरांस आंत शिरण्यास अशी फट पुरते.

शोधाचीं साधनें आहेत. २००९ सालीं लिनक्समध्यें आलेलें ‘केमेमलीक’ जिचा पत्ता कोणाच्याच हातीं उरला नाहीं अशी जागा हुडकतें. २०१५ सालचें ‘कासान’ दर ८ बाइटांमागें १ बाइटाची नोंद ठेवून चुकीचा स्पर्श तत्क्षणीं दाखवितें. २००७ सालीं आलेल्या ‘डेव्हएम’ पद्धतीनें घेतलेली जागा ड्रायव्हर उपकरणापासून सुटतांच आपोआप परत जाते.

तथापि एवढ्यानें भागत नाहीं. उपकरण काढून घेतलें, पण एखाद्या प्रोग्रामानें त्याची फाइल उघडीच ठेवली असेल, तर आपोआप परत गेलेल्या जागेस पुन्हा हात लागूं शकतो. गळती दिसली म्हणून घाईनें ‘केफ्री’ ही परतीची आज्ञा जोडली, तर एकच जागा दोनदां परत होण्याचा संभव असतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यानें प्रथम विचारावें, कीं या जागेचा शेवटचा धनी कोण? ज्याचा रुमाल त्यानेंच उचलावा. आणि शेवटचा उतारू उतरल्याखेरीज गाडी कारशेडमध्यें नेऊं नये.